बाथरूममधली बुरशी: पावसाळ्यात हमखास विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की नातेवाइकांचे आणि सोसायटीतल्या मंडळींचे फोटो यायला लागतात. फोटोत टाइल्सचा एक कोपरा, त्यात काळे ठिपके आणि खाली एकच ओळ: "हे कशाने जाईल?" दरवर्षी तीच उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी रसायनांचा तज्ज्ञ नाही. मुंबईच्या उपनगरात, डक्टवर उघडणाऱ्या दीड फुटी खिडकीचं बाथरूम वीस पावसाळे सांभाळलेला माणूस आहे.

हे काळं म्हणजे नक्की बुरशीच का? मळ किंवा शेवाळ असू शकेल ना?

असू शकेल, आणि घासायला बसण्याआधी ते बघून घ्यावं. कापसाचा बोळा लिक्विड ब्लीचमध्ये बुडवा, काळ्या डागावर टेकवा आणि दोन मिनिटं थांबा. डाग फिकटला तर बुरशी. तसाच काळा राहिला तर बहुतेक साबणाचा नि धुळीचा जुना मळ, किंवा लोखंडी खिळ्याचा नाहीतर पाइपाचा गंज.

शेवाळ हिरवं असतं आणि त्याला उजेड लागतो. त्यामुळे ते खिडकीच्या चौकटीत, बाहेरच्या मोरीत, गॅलरीत दिसतं; बंद बाथरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात सहसा नाही.

पांढरं दिसत असेल तर मात्र घाई करू नका. भिंतीच्या खालच्या भागात पांढरा, भुसभुशीत, बोटाला लागणारा थर असेल तर तो बहुधा लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना सिमेंट-विटांतले क्षार सोबत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर पाणी शिंपडलं की लोणा विरघळून दिसेनासा होतो आणि भिंत वाळली की परत उगवतो. बुरशी पाण्याने नुसती भिजते. लोण्यावर ब्लीच ओतणं म्हणजे ब्लीच फुकट घालवणं.

बादलीच्या तळाला, मगाच्या कडेला, शॉवरच्या पडद्याच्या खालच्या काठाला गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर येतो. तोही बुरशीच ना?

नाही, बऱ्याचदा ते जिवाणू असतात. सेराशिया मार्सेसन्स नावाचा जिवाणू त्यातला नेहमीचा मानकरी. साबण आणि शाम्पूच्या अवशेषांवर तो मजेत वाढतो. साबणाने घासून, पाच-दहा मिनिटं पातळ ब्लीच लावून धुतलं की जातो. पण बादली भरून ठेवायची सवय असेल तर आठवड्यात परत हजर. रात्री बादली-मग उपडे ठेवा, अर्धं काम तिथेच होतं.

२०२१ मध्ये कोरोनानंतर जी "काळी बुरशी" झाली होती, तीच का ही?

नाही. हा प्रश्न अजूनही येतो, कारण वर्तमानपत्रांनी त्या आजाराला नावच तसं दिलं होतं. तो आजार म्युकरमायकोसिस. म्युकोरेलीस गटातल्या बुरशांमुळे होतो आणि त्यांचे बीजाणू माती, सडका पालापाचोळा, शिळा पाव अशा ठिकाणी असतात. "काळी" हे नाव बुरशीच्या रंगावरून पडलेलं नाही. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, त्यामुळे मेलेला भाग काळा पडतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड्स यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांना तिने गाठलं.

टाइल्सच्या सांध्यात दिसणारी काळी बुरशी बहुतेकदा क्लॅडोस्पोरियम, ऑरिओबॅसिडियम, ॲस्परजिलस अशा नेहमीच्या मंडळींपैकी असते. तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, पण तिला बघून ते दिवस आठवून घाबरायचंही कारण नाही.

मग तब्येतीला काहीच धोका नाही?

असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त होतात, हा तिचा गाभा. ज्यांना दमा आहे, धुळीची ॲलर्जी आहे त्यांना फरक लगेच कळतो: बाथरूममधून आल्यावर शिंका, नाक गळणं, डोळे चुरचुरणं.

अशा माणसाने स्वतः घासायला बसू नये. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या माणसाने तर त्या वेळी घरात नसलेलंच बरं. बाकीच्यांनी रबरी हातमोजे, एन-९५ मास्क आणि डोळ्यांवर चष्मा एवढं करावं. चष्मा हसण्यावारी नेऊ नका. वरच्या टाइल्स घासताना ब्रशचे शिंतोडे थेट डोळ्यांकडेच येतात.

आम्ही रोज बाथरूम धुतो. तरी बुरशी येतेच कशी?

रोज धुता म्हणूनच येते. चिडू नका, सांगतो.

बुरशीला तीन गोष्टी लागतात: खाणं, ऊब आणि ओल. खाणं म्हणजे साबणाचा थर, अंगाचा मळ, केस, तेल. अभ्यंगाच्या दिवसानंतर भिंतीवर हात फिरवून बघा, किती चिकट लागते. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून जो पांढरट, धुतल्याने न जाणारा थर बसतो, तो तर बुरशीचं जेवणाचं ताटच. ऊब आपल्याकडे बारा महिने आहे. म्हणजे आपल्या हातात उरते एकच गोष्ट, ओल.

मुंबईत जुलैच्या सकाळी हवेतली सापेक्ष आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते. साधारण ७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला आयतं मैदान मिळतं. अशा हवेत सकाळी धुतलेली भिंत दुपारीही ओली असते, संध्याकाळी कुणीतरी पुन्हा आंघोळ करतं, आणि रात्री दार लावून घेतलं जातं. म्हणजे ती भिंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पूर्ण अशी वाळतच नाही. ओली झालेली जागा २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही. आमच्या भिंतीला तेवढे तास सलग कधी मिळतच नव्हते. भिंत किती वेळा धुतली यापेक्षा ती किती वेळ ओली राहिली, हे मोजा.

ठीक. आता आलेली बुरशी काढायची कशी? पहिल्यापासून सांगा.

बहुतेकांची चूक क्रमात होते. बाटली उघडली, ब्लीच भिंतीवर ओतलं, घासलं, धुतलं. ब्लीच साबणाच्या थराशीच झगडत संपून जातं आणि बुरशीपर्यंत पोचतं तेव्हा त्यात दम उरलेला नसतो.

आधी खिडकी उघडा, पंखा लावा, टूथब्रश आणि टॉवेल बाहेर काढा. कोरड्या बुरशीवर ब्रश चालवू नका, बीजाणू हवेत उडतात आणि घरभर जातात. भिंत भिजवा. मग कोमट पाण्यात कपड्यांची पावडर आणि थोडा धुण्याचा सोडा घालून, नायलॉनच्या ब्रशने सांधे घासा. तारेची घासणी नको, टाइलच्या चकाकीवर ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यातच बसतो. हे घासकाम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बुरशीचा बराचसा भाग इथेच निघून जातो. आता स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या आणि साबण अजिबात राहू देऊ नका.

त्यानंतर ब्लीच. दुकानात मिळणारं साधं लिक्विड ब्लीच साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं. एक लिटर गार पाण्यात ६० मिली पुरे. गरम पाणी घेऊ नका, वाफेबरोबर क्लोरीनचा उग्र वास अंगावर येतो. स्प्रेने हवेत फवारण्यापेक्षा स्पंजने लावलेलं बरं. दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्या. वाळत आलं तर पुन्हा लावा. परत हलका ब्रश, भरपूर पाणी, आणि नळ-शॉवर-जाळी अशा स्टीलच्या वस्तूंवरून तर दोनदा पाणी, कारण ब्लीच स्टीललाही डाग पाडतं.

शेवटी वायपर आणि कोरडं फडकं. ही पायरी लोक गाळतात. धुऊन ओलं ठेवलेलं बाथरूम म्हणजे पुढच्या पिकासाठी नांगरून ठेवलेलं शेत.

ब्लीचमध्ये थोडा टॉयलेट क्लीनर टाकला तर जास्त जोर येईल ना?

नाही. नाही. नाही.

कमोडसाठीच्या बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मी स्वतः हा शहाणपणा केलेला आहे. सकाळी कमोडमध्ये क्लीनर टाकून ठेवला होता, ते विसरून दुपारी उरलेलं ब्लीच त्यातच ओतलं. पिवळट-हिरवट वगैरे काही दिसलं नाही, फक्त घशात कुणीतरी चिमटा लावल्यासारखं झालं आणि खोकला थांबेना. बाहेर पडून गॅलरीत अर्धा तास बसलो, तेव्हा कुठे श्वास सरळ झाला. संध्याकाळपर्यंत छातीत जळजळत होतं.

असं झालं तर पाणी ओतून पातळ करायला, फ्लश करायला थांबू नका. आधी बाहेर या, बाथरूमचं दार लावा, घराच्या खिडक्या उघडा. श्वास लागत असेल, छाती भरून आली असेल तर सरळ दवाखाना.

व्हिनेगर, लिंबू, टाइल्सचं ॲसिड हेही ॲसिडच, तेही ब्लीचबरोबर नको. अमोनिया असलेला काच पुसायचा लिक्विड नको, त्यातून क्लोरामाइन वायू होतात. स्पिरिटही नको. ब्लीच फक्त पाण्यात. एका दिवशी एकच रसायन, हा आमच्या घरातला त्यानंतरचा नियम.

गावी लिक्विड ब्लीच मिळत नाही. ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर चालेल?

चालेल. चांगल्या, ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, एक लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत ढवळा. अर्धा तास ठेवा. चुन्याचा गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी वापरा. गाळासकट फासलंत तर भिंतीवर पांढरे ओघळ उठतील आणि ते काढायला दुसरा दिवस जाईल. पिशवी उघडी राहून पावडर ओलसर, ढेकळांची झाली असेल आणि वासही येत नसेल तर तिच्यातला जीव गेलेला आहे.

व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा... घरगुती उपायांत तथ्य किती?

थोडं आहे. पांढरं व्हिनेगर काही बुरशांना मारतं, सगळ्यांना नाही. काचेवर किंवा सिरॅमिक टाइलवर नुकतीच उमटलेली बुरशी असेल तर न मिसळता लावा, तासभर ठेवा, घासा. खायचा सोडा हा हलका घासणीचा दगड समजा. ओरखडे न पाडता घासतो, एवढंच त्याचं कर्तृत्व. आणि सोडा नि व्हिनेगर एकत्र करून जो फेस येतो, तो व्हिडिओत छान दिसतो. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना संपवतात आणि खारट पाणी उरतं.

ब्लीचचा वास सहन होत नसेल तर मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. साधारणपणे ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून लावा, दहा मिनिटं ठेवून घासा. व्हिनेगरच्या बाटलीत तेही मिसळू नका.

आमच्या जुन्या बाथरूमला शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा कट्टा आहे. त्यावर काय?

त्यावर ॲसिड नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही. शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आणि संगमरवर त्यांचाच भाऊबंद. ॲसिड पडलं की दगड फसफसतो, वरची गुळगुळीत कातडी जाते आणि खालची खरखरीत बाजू उघडी पडते. मग त्यात पाणी मुरतं आणि बुरशी पूर्वीपेक्षा लवकर धरते. "ॲसिडने फरशी कशी लखलखीत झाली" असं म्हणणाऱ्यांच्या घरी सहा महिन्यांनी जाऊन बघावं. साबण, सोडा, ब्रश आणि पातळ ब्लीच, पण आधी एका कोपऱ्यात लावून रंग बदलत नाही ना हे बघून. ग्रॅनाइट या बाबतीत बराच सोशिक आहे.

टाइल स्वच्छ होते, पण सांधे कितीही घासले तरी काळेच. का?

टाइलला चकाकीचा थर आहे, तिच्यात पाणी शिरत नाही. सांध्यात भरलेलं व्हाइट सिमेंट किंवा साधं ग्राउट मात्र सच्छिद्र असतं. बुरशीचे तंतू आत जातात, ब्लीच वरवर काम करतं. डाग पांढरा होतो, आपण खूश होतो, पंधरा दिवसांत आतून पुन्हा काळं वर येतं.

आधी एक प्रयोग करा. टिश्यू पेपरच्या दोरीसारख्या पट्ट्या वळून पातळ ब्लीचमध्ये भिजवा आणि सांध्यावर दाबून बसवा. त्यावर स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवा म्हणजे वाळणार नाही. तासाभराने काढा, घासा, धुवा. मी हे नळाखालच्या दोन ओळींवर केलं होतं. पट्टी काढल्यावर सांधा भाताच्या पेजेसारखा पांढरा निघाला आणि शेजारची न लावलेली ओळ एकदम घाण दिसायला लागली. मग काय, संपूर्ण रविवार त्यातच गेला.

एवढं करूनही महिन्याभरात परत येत असेल तर सांधे खरवडून नव्याने भरायची वेळ झाली. मिस्त्रीला दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडायला सांगा, नुसतं वरून लेपून देऊ नका. पैसे लागले तरी ओल्या भागात एपॉक्सी ग्राउट घ्या. ते पाणी पीत नाही. एपॉक्सीचं काम नव्या माणसाला मात्र देऊ नका. टाइलवर सांडलेलं वेळेत पुसलं नाही तर जन्मभर तसंच राहतं.

बेसिनच्या आणि कमोडच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलंय.

वरून पडलं असेल तर टिश्यूची युक्ती, रात्रभर. सिलिकॉनच्या आत, खालच्या अंगाने काळं दिसत असेल तर प्रयत्न सोडा आणि ते काढून टाका. कटरने दोन्ही बाजूंनी चिरून पट्टी ओढायची, जागा स्पिरिटने पुसायची (त्या दिवशी ब्लीच नाही!), एक अख्खा दिवस वाळू द्यायची. मग बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एका दमात फिरवायचं. पुढचे २४ तास पाणी नाही. एकच बाथरूम असलेल्या घरात हे काम शनिवारी रात्री करून रविवारी शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागतं.

छताला काळे-पिवळे चट्टे आणि रंगाचे पोपडे निघतायत. घासून रंगवलं तर?

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. रंग पुढच्या पावसाळ्याच्या आत सोलून निघेल नाहीतर.

साधी चाचणी आहे. फूटभर लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा संशयित भिंतीवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला, भिंतीकडे, पाण्याचे थेंब असतील तर ओल भिंतीतून येतेय: गळका पाइप, वरचा मजला किंवा बाहेरची भेग. बाहेरच्या अंगाला थेंब असतील तर तुमच्याच आंघोळीची वाफ आहे, आणि उपाय हवा खेळवण्याचा.

वरच्या मजल्याचा संशय असेल तर त्यांच्या बाथरूमची जाळी बंद करून एक-दोन इंच पाणी २४ तास साठवून ठेवायचं आणि खाली लक्ष ठेवायचं. त्यांना विनंती करताना आवाज चढवू नका, चाचणी त्यांच्याच दारात करायची आहे. खर्च कुणाचा, यावरून सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. संडास, सिंक वगैरेंमधली अंतर्गत गळती सभासदाने. सेक्रेटरींना पत्र लेखी द्या, फोटो तारखेसकट जोडा, पोच घ्या.

पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर एक फळी काढून वर टॉर्च मारा. जिप्सम बोर्डाच्या पाठीवरचा कागद बुरशीला फार आवडतो. भिजून मऊ पडलेला बोर्ड धुऊन वाचत नाही, तो बदलावाच लागतो. एकंदर बुरशी तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठ्या भागात पसरली असेल तर ते घरगुती काम राहिलं नाही असं समजा.

बुरशीरोधक रंगाने काम भागतं का?

वाळलेल्या, स्वच्छ भिंतीवर भागतं. ओल्या भिंतीवर लावला तर पैसे भिंतीला गेले.

एक्झॉस्ट फॅन लावलाय. पण पावसात बाहेरची हवाच दमट, मग उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. तरी उपयोग आहे. गरम आंघोळीनंतरची आतली हवा बाहेरच्या पावसाळी हवेपेक्षाही जास्त पाणी धरून असते, आणि हलती हवा भिंत सुकवते. फक्त आंघोळ चालू असताना नाही, नंतरही अर्धा तास चालू ठेवा. ३० वॅटचा पंखा दिवसाला दीड तास चालला तर महिन्याला दीड युनिटही होत नाही.

पंख्याला हवा ओढायला आत यायची वाटही लागते. दाराखाली फट नसेल आणि खिडकी बंद असेल तर तो नुसता आवाज करतो. वर्तमानपत्राचा छोटा तुकडा जाळीला लावून बघा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर आधी पाती साफ करा, त्यावर बोटभर केर असतो.

पावसाळ्यात मात्र पंख्यावर विसंबू नका. शेवटची आंघोळ झाली की भिंतीवरचं पाणी काचेच्या वायपरने वरून खाली ओढून काढायचं. मिनिटभराचं काम आहे. आमच्याकडे "जो शेवटी नाहतो तो वायपर मारतो" हा कायदा झाल्यापासून सगळ्यांना अचानक लवकर आंघोळीला जावंसं वाटू लागलंय. आणि बाथरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळत घालणं थांबवा. एका मशीनभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी त्याच चार भिंतींत सुटतं.

कोकणातलं घर पावसाळाभर बंद असतं. गणपतीला उघडलं की न्हाणीघर बघवत नाही.

हे दृश्य प्रत्येक चाकरमान्याला पाठ आहे. रात्रभर गाडीतून अवघडून येता, कडी काढता, आणि कुबट वास तोंडावर येतो. न्हाणीच्या भिंतीवर राखाडी लव, दाराची खालची फळी फुगलेली, बादलीत मेलेलं झुरळ. आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती आणायची असते.

आल्या आल्या खराटा हातात घेऊ नका. सगळी दारं-खिडक्या उघडा आणि शेजाऱ्यांकडे चहाला जा. तासाभराने या, नाकाला मास्क लावा, भिंत आधी भिजवा आणि मग घासा. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या भांड्यातलं पाणी महिनोन्महिने वापर नसल्याने आटलेलं असतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. एक बादली पाणी ओतलं की वाट बंद होते.

चिऱ्याची भिंत फार पाणी पिते. तिच्यावर ब्लीचपेक्षा जुनी पद्धत बरी: घासून, वाळवून चुन्याची सफेदी. ताजा चुना इतका क्षारधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. वर्ष-दोन वर्षांत तो जोर ओसरतो, म्हणून तर दर साली चुना काढायची रीत होती. चुना भिजवताना डोळे सांभाळा.

घर बंद करताना न्हाणीचं दार सताड उघडं ठेवा, साबणाच्या वड्या उचला, बादल्या उपड्या घाला आणि नहाणी ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर खोबरेल सोडा. तेलाच्या थराने पाणी हळू आटतं.

फिनाइल, डेटॉल, कापूर?

फिनाइलने फरशीला वास चांगला येतो. डेटॉल जंतूंसाठी, डाग काढायला नाही. कापूर कुबट वास झाकतो, बुरशी खालून हसत असते.

भाड्याच्या घरात आहोत. मालक म्हणतात तुमच्यामुळे बुरशी आली.

राहायला जाताना सिंकखाली, छताचे कोपरे, दाराची खालची कड यांचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवून ठेवा. उशीर झाला असेल तर प्लास्टिकची चाचणी करा आणि त्याचा फोटो पाठवा. ओल भिंतीतून येत असेल तर तो वाद डिपॉझिटचा राहत नाही. बाहेरून थेंब आले तर मात्र गुपचूप वायपर आणा.

आजी आंघोळीला लाकडी पाटच घेते. पाटाची खालची बाजू काळीकुट्ट झालीय. टाकून द्यायचा का?

टाकू नका, आजी रागावेल. लाकडात ब्लीच मुरतं आणि तंतू सुटे होतात, म्हणून ते नको. पाट उलटा करून सोड्याच्या गरम पाण्याने, काथ्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवा टेकवून, दोन्ही बाजूंना वारा लागेल असा दोन-तीन दिवस वाळवा. ऊन असेल तर फारच छान; पावसात चुलीच्या किंवा गॅसच्या ओट्याच्या जवळ, पण धगीत नाही. पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने काळा थर खरवडून काढा, मास्क लावून, घराबाहेर. पाटाच्या पायांना खालून रबराचे तुकडे ठोका म्हणजे तो ओल्या फरशीला टेकणार नाही. आणि आंघोळ झाली की पाट भिंतीला उभा करायचा, हे आजीला नाही, घरातल्या बाकीच्यांना सांगा. तिने तो आयुष्यभर उभाच करून ठेवलेला असतो.